डझनाला अकरा

स्केल्डरबीच्या लोकांना आपल्या गावाचा भारी अभिमान, पण कशाचा ते विचारलं की त्यांची पंचाईत होते. इथे लढाई झाली नाही, संत जन्मला नाही. एक राजा यायचा होता, तो नदीला पूर आला म्हणून पलीकडच्याच गावात जेवून परत गेला. गावाकडे होता तो फक्त मंगळवारचा बाजार. सातशे वर्षांपूर्वी कुण्या राजानं बाजार भरवायची सनद दिली, तेव्हापासून गाव मंगळवारी जागं व्हायचं आणि उरलेला आठवडा त्या मंगळवारबद्दल बोलत बसायचं.

एव्हिस मॅपलबेकचं दुकान त्याच बाजारचौकात होतं. लोकर, बटणं, सुया, अस्तराचं कापड. आधी वडिलांचं, मग तिचं. लग्न तिनं केलं नाही. त्याची कारणं तिच्यापेक्षा गावालाच जास्त ठाऊक होती. तिला वेड होतं ते जुन्या गोष्टींचं. कुठली गल्ली कुणाच्या नावानं पडली, कुठल्या घराच्या भिंतीत मठाचे दगड आहेत, हे ती फीत मोजता मोजता सांगायची. गिऱ्हाईक बिचारं हातभर फितीसाठी आलेलं असायचं आणि तीन-चार राजे ऐकून घरी जायचं.

पुढे बाजारालाच घरघर लागली. रेल्वे बंद झाली. गुरांचा बाजार मोठ्या शहरात गेला. गावाबाहेरून नवा रस्ता काढला, त्याच्या कडेला एक अवाढव्य दुकान उभं राहिलं, आणि बायका बटाटेसुद्धा प्लॅस्टिकात गुंडाळलेले आणू लागल्या. चौकात मंगळवारी भाजीची दोन, मासळीचं एक आणि पडद्यांच्या कापडाचं एक, एवढी पालं उरली. चौक सपाट करून तिथे मोटारी उभ्या करायची सोय करावी, असं नगरसभेत बोललं जाऊ लागलं. नेमकी त्याच सुमाराला सनदेची सातशे वर्षं भरत होती. मरणाऱ्याला शेवटचं गोडधोड द्यावं तसा उत्सव ठरला, आणि त्यासाठी गावाचा इतिहास लिहायचं काम एव्हिसकडे आलं.

आता इतिहास लिहायचा तर गावात काहीतरी घडलेलं लागतं. बुधवारी अर्धा दिवस दुकानं बंद. एव्हिस दर बुधवारी बसनं जिल्ह्याच्या ग्रंथालयात जाऊन बसायची आणि जांभया देत परत यायची. कुणाचं डुक्कर कुणाच्या शेतात शिरलं, कुणी गटार तुंबवलं, यापलीकडे पूर्वजांनी काही केलेलंच नव्हतं. मग एका बुधवारी गावच्या जुन्या न्यायसभेच्या छापील नोंदीत तिला तो भेटला. गॅदरकोल, पाव भाजणारा, पावाच्या वजनाचा कायदा मोडला, दंड. पुढच्या सभेत पुन्हा तोच, पुन्हा दंड. त्याच्या पुढच्या सभेतही. एव्हिसच्या अंगावर रोमांच उभे राहिले. हा तर अट्टल निघाला. दंड भरतोय आणि वजनात मारतोय, सुधारायचं नाव नाही. आणि मौज म्हणजे तिच्या दुकानासमोरच्या पावाच्या दुकानावर आजही गॅदरकोल हीच पाटी होती.

त्याच पानावर दोन ओळी खाली आणखी एक नाव होतं. ॲलिस मॅपलबेक, घरची बिअर विकणारी, बिअरच्या मापाचा कायदा मोडला, दंड. एव्हिसनं ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एका पुस्तकात एकच चोर बरा, गोष्ट आटोपशीर राहते, असं स्वतःशी म्हणाली आणि पान उलटलं. पान उलटताना कान गरम झाले होते, हे तिला पुढे फार वर्षं आठवत राहिलं.

पाववाल्या क्लॅरेन्स गॅदरकोलला विचारल्याशिवाय मात्र तिनं काही केलं नाही. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. क्लॅरेन्स हसला. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाची अब्रू मी कुठे सांभाळत बसू, म्हणाला, लिही बिनधास्त, पाव खपला म्हणजे झालं. मग एव्हिसनं बिनधास्त लिहिलं, थोडा मीठमसालाही घातला. हा गॅदरकोल डझनाला अकराच बन द्यायचा, असं तिनं ठोकून दिलं. जुन्या नोंदीत अकराचा आकडा कुठेही नव्हता. तो एव्हिसच्या स्वयंपाकघरातला.

पण लोकांना नेमका तोच आवडला. उत्सवाच्या दिवशी पिठाच्या गोणीचा सदरा घातलेला गवताचा पाववाला केला, त्याला चौकातल्या, गुन्हेगारांचे पाय अडकवायच्या जुन्या लाकडी खोड्यात अडकवला, आणि सगळ्या गावानं त्याला शिळे बन फेकून मारले. बन खुद्द क्लॅरेन्सनंच भाजून दिले होते. लोक हसून हसून रडले. वर्तमानपत्रात फोटो आला, पुढच्या वर्षी टीव्हीवाले आले, त्याच्या पुढच्या वर्षी बस भरभरून परगावची माणसं आली. पालं वाढली, चौक वाचला. पाच-सहा वर्षांत तर गावातले म्हातारे शपथेवर सांगू लागले की ही पाववाल्याच्या मंगळवारची चाल फार जुनी आहे, आमच्या आजोबांनी पाहिलेली. एव्हिसला लोक रस्त्यात थांबवून हात मिळवायचे. गाव बाईनं वाचवलं, असं म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

क्लॅरेन्सला एकच मुलगी, गिलियन. पहिल्या उत्सवाच्या वेळी नऊ वर्षांची. गवताच्या बाहुल्याला पहिला बन तिनंच मारला होता, नेम चुकला म्हणून रुसलीही होती. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली तेव्हा तिचं नाव बदललेलं होतं. तिला सगळे 'अकरा' म्हणू लागले. बाईंनी बारा पेन्सिली वाटायला दिल्या की वर्ग मोजायला लागायचा. खेळात कुणी हरलं की म्हणायचे, अकराच्या गटात होता. पोरं दुष्ट नव्हती हो, पोरं पोरांसारखीच होती. पण चार दिवसांनी विसरायचं, तर दरवर्षी चौकात खोडा उभा राहायचा आणि आठवण ताजी व्हायची.

मोठी झाल्यावर ती वडिलांच्या दुकानात उभी राहू लागली. गिऱ्हाईक तिच्यासमोर पिशवी उघडून बन मोजायचं, मोठ्यानं, डोळे मिचकावत. अकरा झाले की थांबायचं, भुवया वर करायचं, मग हसत बारावा दाखवायचं. सगळेच गमतीनं. रोज पाच-दहा जणांना तीच गंमत सुचायची. एव्हिस समोरच्या काचेतून हे बघायची. पोरीचं तोंड हळूहळू कसं मिटत गेलं तेही बघायची. तिला वाईट वाटायचं, खरंच वाटायचं. मग ती काय करायची, तर गिलियनला स्वेटर विणून द्यायची. निळा, पोपटी, मोरपंखी, दर हिवाळ्याला नवा. गिलियन आभार मानायची, एव्हिसमावशी म्हणायची. एकही स्वेटर तिच्या अंगावर दुसऱ्यांदा दिसला नाही, आणि एव्हिसनंही कधी विचारलं नाही.

शिक्षण संपल्यावर गिलियन लीड्सला गेली ती गेलीच. तिथे शाळेत गणित शिकवू लागली. नाताळला यायची, दोन दिवसांत परत जायची. क्लॅरेन्सची बायको वारली तेव्हा आठवडाभर राहिली तेवढंच. दुकान चालवायला मागे कुणी नाही, म्हणून क्लॅरेन्सनं म्हातारपणी भट्टी विझवली. पिढ्यान्‌पिढ्यांची पाटी उतरली आणि तिथे मोबाइल विकणारा आला. मंगळवारचे बन आता त्याच अवाढव्य दुकानातून येऊ लागले.

एव्हिसनं सत्तरी ओलांडली होती. दुकान केव्हाच विकलं होतं, पण इतिहासाचा नाद सुटला नव्हता. शहरात जुन्या बाजारांवर एक व्याख्यान होतं, ते ऐकायला ती एका दुपारी एकटीच गेली. बोलणारा गृहस्थ पडशानं बेजार होता आणि कधी एकदा संपवतो असं त्याला झालं होतं. नाक पुसता पुसता तो सहज बोलून गेला की, त्या काळी पाव भाजणारा आणि बिअर विकणारा एकूण एक माणूस न्यायसभेत दंड भरायचा, दर खेपेला भरायचा. लबाडी केली म्हणून नव्हे. ती धंदा करू दिल्याची पट्टी होती, नाव मात्र दंड. हौशी मंडळी हे वाचून सगळ्या गावाला चोर ठरवतात, असं म्हणून तो हसला, आणि हॉलमधले लोकही हसले. एव्हिस हसायला म्हणून तोंड उघडून तशीच बसली.

सगळ्या गावाला. तिनं सगळ्या गावाला ठरवलं नव्हतं. एकालाच ठरवलं होतं. चूक वाचण्यात झाली असती तर तिनं स्वतःला माफ केलं असतं, तिच्यासारखे हौशी चुकायचेच. पण दुसरं नाव तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते पुस्तकात घातलं असतं, तर कुणीतरी शहाण्यानं तेव्हाच विचारलं असतं की, बाई, हे सगळेच कसे चोर? तिथेच गोष्ट कोसळली असती. गॅदरकोल वाचला असता. ते एक पान लाजेनं उलटलं, आणि त्याचं ओझं समोरच्या घरातल्या पोरीनं वाहिलं.

उत्सव समितीचा अध्यक्ष डेस्मंड, चौकातला खाटीक. एव्हिस दुसऱ्याच दिवशी त्याच्या दुकानात गेली. सॉसेज बांधता बांधता त्यानं सगळं ऐकून घेतलं. ॲलिस मॅपलबेकचं नाव काही तिनं घेतलं नाही. व्याख्यानातलं तेवढं सांगितलं, आणि म्हणाली, गॅदरकोल चोर नव्हता, तेव्हा खोडा बंद करायला हवा.

डेस्मंडनं हात पुसले. "बाई, तो चोर होता म्हणून तर लोक येतात. प्रामाणिक पाववाला बघायला कोण बसभाडं खर्च करेल?"

"पण खरं नाही रे ते."

"मग क्लॅरेन्सनं तक्रार केलीय का? नाही ना? तुम्हीच उभं केलंत हे सगळं, आणि आता तुम्हीच पाडायला निघालात. पाडा, पण मग मंगळवारची पालं कुणाच्या जिवावर उभी राहणार, ते तेवढं सांगून जा."

त्याचं एकही वाक्य खोडून काढण्यासारखं नव्हतं. डेस्मंडनं वर दोन सॉसेज जास्त बांधून दिली, आणि तीही निमूट घेऊन आली. घरी आल्यावर आपलीच आपल्याला किळस आली.

मग क्लॅरेन्स आजारी पडला. जन्मभर पिठाच्या धुळीत घेतलेला श्वास आता बाहेर निघेना. डॉक्टरांनी घरी पाठवलं, म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. लीड्सहून गिलियन रजा घेऊन आली. एव्हिसचा जीव टांगणीला लागला. क्लॅरेन्स गेल्यावर खरं सांगितलं काय आणि न सांगितलं काय. चोराचा वंशज म्हणूनच तो जाणार, आणि ते आपल्या सहीनं. दोनदा ती त्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा गिलियननंच खिडकीतून पाहिलं आणि दार उघडलं.

गिलियनचे केस पांढरे व्हायला लागले होते. तिनं एव्हिसचा कोट घेतला. या, मॅपलबेकबाई, म्हणाली. मावशी केव्हा गळून पडली ते एव्हिसला आठवेना.

क्लॅरेन्सची खाट स्वयंपाकघरातच हलवली होती, शेगडीजवळ उबेला. तो उशांना टेकून बसला होता, निम्मा झाला होता, पण एव्हिसला बघून त्याचे डोळे हसले. गिलियननं चहा केला आणि ती भांडी धुवायला पाठमोरी उभी राहिली. एव्हिसला वाटलं, ही जरा बाहेर गेली तर बरं. ती गेली नाही. मग एव्हिसनं कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. व्याख्यान, दंड, पट्टी, सगळं. अकराचा आकडा आपण पदरचा घातला, हेसुद्धा.

क्लॅरेन्स ऐकता ऐकता हसायला लागला, हसताना खोकला, खोकताना पुन्हा हसला. "म्हणजे चोर नव्हताच तो?"

"नव्हता."

"अरेरे. मला आवडायला लागला होता गं तो. घराण्यात एक तरी धीट माणूस होता असं वाटायचं." त्यानं तिचा हात थोपटला. "जाऊ दे, एव्हिस. बाजार जगला. मी काही मेलो नाही त्यानं."

झालं. ज्यासाठी ती वर्षभर झुरत होती ते असं चहाच्या घोटाबरोबर मिळालं. एव्हिसचे डोळे भरून आले. आता उठावं आणि घरी जावं, असं तिला मनापासून वाटलं. मॅपलबेकचं नाव राहिलं होतं. पण माणूस इतका खूश आहे, तर कशाला, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

नळाचं पाणी बंद झालं. गिलियन वळली नाही. तिनं पाठमोरीनंच विचारलं.

"दंड फक्त आमच्याच नावाला होता का?"

तिचा स्वर अगदी साधा होता, वर्गात उदाहरण तपासताना असतो तसा. एव्हिसनं क्लॅरेन्सकडे पाहिलं. तो अजून हसतच होता.

"नाही. बऱ्याच जणांना होता."

"त्याच पानावर?"

"त्याच पानावर."

"तुमच्या घरचं कुणी होतं?"

खोटं बोलायला जागा होती. गिलियननं ते पान पाहिलेलं नव्हतं, आणि आता ते कोण शोधायला जाणार होतं. पण एव्हिसला वाटलं, हिच्याशी आज खोटं बोललं तर आपल्यात माणूस म्हणून काही उरणार नाही.

"होती एक. बिअर विकायची. तुमच्या खाली दोन ओळींवर."

"ते तुम्हाला आता कळलं, की तेव्हाच दिसलं होतं?"

"तेव्हाच," एव्हिस म्हणाली. "मी पान उलटलं."

गिलियन वळली. हात ओलेच होते, ते तिनं पुसले नाहीत. ती संतापेल, ओरडेल, दार दाखवेल, यातल्या कशालाही एव्हिस तयार होती. खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं. तीस वर्षं कुणी तिला साधं लागेलसं बोललंही नव्हतं, नुसते हातच मिळवले होते. पण गिलियन तिच्याकडे बघतही नव्हती. ती वडिलांकडे बघत होती.

"मी मोजायचे," ती म्हणाली.

क्लॅरेन्सचं हसू थांबलं.

"तुम्ही बांधून ठेवलेल्या पिशव्या. तुम्ही भट्टीकडे गेलात की मी उघडून मोजायचे. सगळे म्हणतात, पुस्तकात छापलंय, म्हणजे असेलही, असं वाटायचं. एखादी तरी कमी निघेल म्हणून मोजायचे, बाबा. कधीच कमी निघाली नाही, तरी मोजायचे. शेवटी माझीच मला इतकी शरम वाटायला लागली, की तुमच्यासमोर उभं राहवेना. म्हणून गेले मी. तुम्हाला सांगितलं की मला शहर आवडतं."

शेगडीवरची किटली अजून धुसफुसत होती. क्लॅरेन्सनं मान हलवली, अगदी सावकाश.

"ठाऊक होतं मला."

"काय ठाऊक होतं?"

"तू मोजतेस ते. गाठी पुन्हा बांधायचीस त्या तुझ्या वेगळ्या यायच्या." त्याला दम लागला. थांबून त्यानं श्वास जमवला. "मग मी गाठी मारायच्याच सोडल्या. पिशवीचं तोंड उघडंच ठेवायचो. म्हटलं, पोरीला मोजायला सोपं जावं."

गिलियननं ओठ घट्ट मिटले. एव्हिस इतका वेळ त्या खोलीत होती, पण आपण काय केलं ते तिला या क्षणी पहिल्यांदा कळलं. जुन्या काळच्या गॅदरकोलला ती चोर म्हणाली, ते त्याला कुठे लागणार होतं. एका लेकीला तिनं बापाच्या पाठीमागे बन मोजायला लावले होते, आणि एका बापाला ते बघून न बघितल्यासारखं करायला लावलं होतं. त्याची भरपाई कुठल्या उत्सवानं होणार होती आणि कुठल्या स्वेटरनं.

ती खुर्चीतून उठली. गिलियनजवळ गेली.

"गिलियन, मला माफ कर गं."

गिलियननं खुंटीवरचा कोट काढून तिच्या हातात दिला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर एव्हिसला जरा आधार वाटला असता.

"तुमचं नंतर बघू, मॅपलबेकबाई," ती म्हणाली. "आता तुम्ही जा. मला आधी बाबांची माफी मागायची आहे, आणि ती मी तुमच्यासमोर मागणार नाही."